उपग्रहावर मोजलेला न्यूट्रॉन पृथ्वीचा की उपग्रहाचाच?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीतला पृथ्वीभोवतीच्या प्रारण पट्ट्यांवरचा (म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या विद्युतभारित कणांच्या पट्ट्यांवरचा) लेख वाचला. अवघड विषय सोप्या भाषेत मांडल्याबद्दल लेखकाचे आभार. मात्र त्यातली दोन विधाने दुरुस्त व्हायला हवीत. पहिले असे, की ‘वैश्विक न्यूट्रॉन वातावरणावर आदळून परावर्तित होतात’. दुसरे असे, की ‘उपग्रहावर न्यूट्रॉन काउंटर बसवला की पृथ्वीवरून किती न्यूट्रॉन निसटतात ते कळते’. पहिली चूक एका शब्दाने केलेली आहे आणि ती लवकर निस्तरता येते. दुसरी अधिक गंभीर आहे. छोटे उपग्रह बांधणारे विद्यार्थी तेच गृहीत धरून उपकरण आखतात, आणि वर्षभर गोळा केलेल्या आकड्यांचे काय करायचे हे नंतर त्यांना कळत नाही.

आधी शब्दाचे पाहू. या न्यूट्रॉनना ‘अल्बेडो न्यूट्रॉन’ म्हणतात. अल्बेडो म्हणजे परावर्तनाचे प्रमाण, म्हणून गैरसमज होतो. प्रत्यक्षात दूरच्या अवकाशातून आपल्याकडे न्यूट्रॉन जवळपास येतच नाहीत. अणुकेंद्राबाहेर पडलेला सुटा न्यूट्रॉन सरासरी ८८० सेकंदच टिकतो. ताऱ्यांच्या अंतरापुढे पंधरा मिनिटे म्हणजे काहीच नाही. (सूर्यावरच्या मोठ्या उद्रेकांतले काही वेगवान न्यूट्रॉन पोहोचतात, पण ती क्वचितची गोष्ट.) येतात ते वैश्विक किरण: बहुतांशी प्रोटॉन, थोडी हेलियमची अणुकेंद्रके आणि शेकडा एकाच्या आसपास त्याहून जड केंद्रके. ती वातावरणातल्या नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या केंद्रकांवर आदळतात, आणि न्यूट्रॉन तिथे नव्याने सुटतात. म्हणजे हे परावर्तन नव्हे, उत्पादन आहे.

हे उत्पादन दोन टप्प्यांत होते, आणि मोजणाऱ्याने दोन्ही टप्पे ध्यानात ठेवायला हवेत. पहिल्यात येणारा प्रोटॉन केंद्रकातल्या न्यूट्रॉनला थेट धक्का देतो. असे न्यूट्रॉन दहा-वीसपासून शेकडो एमईव्हीपर्यंतचे असतात (एक एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट) आणि साधारणपणे प्रोटॉनच्याच दिशेने, म्हणजे खाली जातात. दुसऱ्या टप्प्यात तापलेले केंद्रक निवते आणि काही एमईव्हीचे न्यूट्रॉन चहूकडे सारखे टाकते. याला ‘बाष्पीभवन’ म्हणतात, आणि हा शब्द मात्र अगदी योग्य आहे. यातले बहुतेक न्यूट्रॉन हवेत ठोकरा खात मंदावतात आणि अखेर नायट्रोजनमध्ये शोषले जातात. त्यातूनच कार्बन-१४ तयार होतो. जुन्या लाकडाचे वय ज्याच्यावरून काढतात तोच हा कार्बन. वातावरणाच्या वरच्या थरात जन्मलेले थोडेसे न्यूट्रॉन तेवढे वरच्या दिशेने निसटतात.

मंद आणि मध्यम न्यूट्रॉन पृथ्वीच्या सगळ्या दृश्य चकतीवरून येतात. शंभर एमईव्हीच्या आसपासचे आणि त्यापुढचे मात्र मुख्यतः कडेकडून येतात, कारण वातावरणाला चाटून जाणाऱ्या वैश्विक किरणांनी धक्का दिलेलेच बाहेर पडू शकतात. ५०० किलोमीटर उंचीवर क्षितिज आडव्या रेषेच्या सुमारे २२ अंश खाली असते आणि पृथ्वी आकाशाचा ३१ टक्के भाग व्यापते. उच्च ऊर्जेचा शोधक सरळ खाली रोखला, तर जिथून न्यूट्रॉन सर्वाधिक येतात ती कडच त्याच्या दृष्टिक्षेत्राच्या काठावर जाते. केवळ या कारणाने चुकलेली रचना नंतर सुधारता येत नाही.

या मोजणीचे महत्त्व १९५८ पासून माणसाला ठाऊक आहे. त्या वर्षी जेम्स व्हॅन ॲलन यांच्या उपकरणांनी प्रारण पट्टे दाखवले. आतल्या पट्ट्यातले उच्च ऊर्जेचे प्रोटॉन कुठून येतात याचे उत्तर फ्रेड सिंगर यांनी, आणि स्वतंत्रपणे सोव्हिएत संघात सर्गेई वेर्नोव्ह व सहकाऱ्यांनी, लगेच सुचवले: निसटलेल्या न्यूट्रॉनच्या क्षयातून. न्यूट्रॉनवर विद्युतभार नाही, त्यामुळे चुंबकीय क्षेत्र त्याला अडवत नाही. पण वाटेत त्याचा क्षय झाला की प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन जन्मतात आणि तिथल्या तिथे क्षेत्ररेषांत अडकतात. प्रोटॉनला न्यूट्रॉनची जवळजवळ सगळी ऊर्जा मिळते. क्षयातून सुटणारे ७८२ केईव्ही (एक केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट) इलेक्ट्रॉन आणि प्रतिन्यूट्रिनो वाटून घेतात. असे क्षय विरळच. एक एमईव्हीचा न्यूट्रॉन पृथ्वीच्या त्रिज्येएवढे अंतर अर्ध्या सेकंदाच्या आत कापतो, म्हणून तेवढ्या वाटेत दोन हजारांत एखाद्याचाच क्षय होतो. तरी पट्टा भरतो, कारण अडकलेला प्रोटॉन तिथे वर्षानुवर्षे राहतो आणि भर पडत जाते.

इलेक्ट्रॉनच्या बाजूचा पुरावा एका विद्यार्थी-उपग्रहाने दिला, हे लेखात यायला हवे होते. कोलोरॅडो विद्यापीठाचा सीएसएसडब्ल्यूई हा जेमतेम तीन किलोंचा उपग्रह सप्टेंबर २०१२ मध्ये सोडला गेला. आतल्या पट्ट्याच्या आतील कडेला त्याला जे इलेक्ट्रॉन दिसले ते पृथ्वीभोवतीच्या एका फेरीपलीकडे टिकूच शकत नाहीत. म्हणजे त्यांचा पुरवठा सतत आणि तिथेच होत असला पाहिजे. त्यावरून पृथ्वीजवळ न्यूट्रॉनची घनता घन सेंटीमीटरला एक अब्जांश गुणिले दोन इतकी निघाली. हे निष्कर्ष डिसेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि दहा मीटर उंच पोकळी डोळ्यांसमोर आणावी. तिच्यात कोणत्याही क्षणी सरासरी दोन न्यूट्रॉन. या उपग्रहाने न्यूट्रॉन थेट मोजले नाहीत, मोजले इलेक्ट्रॉन. लहान उपग्रहासाठी ही आडवाट किती शहाणपणाची होती, ते पुढच्या अडचणी वाचल्यावर पटेल.

थेट मोजायचे तर पहिली अडचण ऊर्जेच्या विस्ताराची. निसटणारे न्यूट्रॉन एका इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या काही शतांशांपासून अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत पसरलेले असतात. एकच शोधक हा सगळा पल्ला पाहू शकत नाही. खालच्या टोकाला तर गुरुत्वाकर्षणही हिशेबात घ्यावे लागते. पृथ्वीवरून कायमचे निसटायला न्यूट्रॉनला ०.६५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात; त्याहून मंद न्यूट्रॉन वर जाऊन परत फिरतो. नेहमीच्या तापमानाचा (‘थर्मल’), म्हणजे सेकंदाला २२०० मीटर वेगाचा न्यूट्रॉन अडीचशे किलोमीटरच्या आसपास जाऊन वळतो. ५०० किलोमीटर गाठायला सुमारे ०.०५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट हवेत. तेव्हा त्या कक्षेत कोणी ‘थर्मल न्यूट्रॉन भरपूर सापडले’ असे म्हटले, तर त्यातले बरेचसे उपग्रहाच्याच प्लास्टिकमध्ये आणि इंधनात मंदावलेले असणार, असा संशय आधी घ्यावा.

मंद न्यूट्रॉनसाठी हेलियम-३ वायूची नळी अजूनही सर्वांत भरवशाची. न्यूट्रॉन शोषला की प्रोटॉन आणि ट्रिटियम (जड हायड्रोजनचे केंद्रक) सुटतात. मिळून ७६४ केईव्ही. नळीतून येणाऱ्या विजेच्या स्पंदांची उंची मांडली की आलेखात त्या जागी स्पष्ट शिखर दिसते. दोनांपैकी एक कण नळीच्या भिंतीत गेला तर शिखराच्या खाली १९१ आणि ५७३ केईव्हीला पायऱ्या दिसतात. हे शिखर म्हणजे उपकरणाचा स्वतःचा मापदंडच. तापमानाने किंवा उच्चदाब पुरवठ्यातल्या बदलाने ते सरकले, तर किती सरकले ते दिसते आणि दुरुस्त करता येते. म्हणून उपग्रहावरून नुसता मोजणीचा आकडा पाठवू नये. स्पंदांच्या उंचीचा पूर्ण आलेख पाठवावा, मग तो चौसष्ट खान्यांचा का असेना. डेटा वाचवण्यासाठी आलेख टाकून आकडा ठेवणे ही सर्रास होणारी चूक आहे, आणि महागात पडणारी.

सारख्या दोन नळ्या घेऊन एकीला अर्धा मिलिमीटर कॅडमियम गुंडाळले की ती साधारण ०.४ ते ०.५ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या खालच्या न्यूट्रॉनना आंधळी होते; तेवढा पत्रा थर्मल न्यूट्रॉनपैकी शंभरात एकही जेमतेम पलीकडे जाऊ देतो. दोन्हींतला फरक म्हणजे मंद न्यूट्रॉन. १९९८ च्या लुनार प्रॉस्पेक्टर या चंद्रयानावर हीच युक्ती होती. एका नळीला कॅडमियम, दुसरीला कथिल. दुसरी उघडी का ठेवली नाही? कारण पत्र्यामुळेही कण निर्माण होतात आणि अडतात. दोन्हींवर धातूचा पत्रा असला की तो परिणाम वजाबाकीत बराच निघून जातो. कॅडमियम न्यूट्रॉन शोषल्यावर एकूण सुमारे ९ एमईव्हीचे गॅमा किरण टाकते, हेही शेजारी गॅमा शोधक बसवणाऱ्याने विसरू नये.

त्यावरच्या ऊर्जेसाठी नळीभोवती पॉलिथिलीन लावतात. हायड्रोजनवर आपटून २ एमईव्हीचा न्यूट्रॉन सरासरी अठरा टकरींत थर्मल होतो. कार्बनवर शंभराहून अधिक टकरी लागतात. दोन-तीन सेंटीमीटर जाडीचे कवच केईव्हीपर्यंतच्या न्यूट्रॉनला साजेसे, सात-आठ सेंटीमीटरचे एमईव्हीच्या न्यूट्रॉनला. पण वीस सेंटीमीटर व्यासाचा पॉलिथिलीनचा गोळा जवळजवळ चार किलोंचा होतो. वर सांगितलेला अख्खा उपग्रह त्याहून हलका होता. म्हणून एमईव्हीच्या पट्ट्यात बोरॉन मिसळलेला प्लास्टिक सिंटिलेटर (कणाच्या धक्क्याने चमकणारा पदार्थ) वापरतात. न्यूट्रॉन त्यात आधी प्रोटॉनना धक्के देत मंदावतो, तो पहिला स्पंद. मग काही मायक्रोसेकंदांनी बोरॉन-१० त्याला शोषते, तो दुसरा. दुसऱ्या स्पंदाची उंची ठरलेली, म्हणून जोडी ओळखता येते, आणि पहिल्याच्या उंचीवरून ऊर्जा.

या जोडीत फसवे योगायोगही घुसतात. दोन्ही प्रकारचे स्पंद सेकंदाला हजार-हजार येत असतील आणि वाट पाहण्याची खिडकी २५ मायक्रोसेकंदांची असेल, तर निव्वळ योगायोगाच्या जोड्याच सेकंदाला २५ पडतात. खऱ्या जोड्या त्याहून कमी असू शकतात! उपाय साधा आहे: शंभर-दोनशे मायक्रोसेकंद उशिराने तेवढीच दुसरी खिडकी उघडायची, तिथल्या जोड्या मोजायच्या आणि वजा करायच्या. यासाठी जास्तीचे काही बसवावे लागत नाही, पण मांडणी करतानाच ते ठरलेले असावे लागते.

दहा एमईव्हीच्या वर दुहेरी टकरीची दुर्बीण लागते. पहिल्या थरातला प्रोटॉनचा धक्का आणि दुसऱ्या थरापर्यंतचा प्रवासकाळ, यांवरून न्यूट्रॉनची ऊर्जा आणि तो कोणत्या शंकूतून आला ते काढता येते. दहा एमईव्हीच्या न्यूट्रॉनला एक मीटर कापायला सुमारे २३ नॅनोसेकंद लागतात, गॅमा किरणाला ३.३, दोन्ही वेगळे काढता येतात. १९९१ मध्ये गेलेल्या कॉम्प्टेल दुर्बिणीत दोन थरांत सुमारे दीड मीटर अंतर होते. ती गॅमा किरणांसाठी बांधलेली, पण न्यूट्रॉनसाठीही तिचा उपयोग झाला. मात्र कार्यक्षमता अगदी कमी असल्याने हे मोठ्या उपग्रहाचे काम.

आता मूळ मुद्द्याकडे. वैश्विक किरण हवेतल्या नायट्रोजनवर आदळून न्यूट्रॉन काढतात, तसेच ते उपग्रहाच्या ॲल्युमिनियमवर, बॅटरीवर, सौर पत्र्यांवर आदळूनही काढतात. हे स्थानिक न्यूट्रॉन शोधकाच्या अगदी शेजारी जन्मतात, म्हणून संख्येने थोडे असूनही मोजणीत मोठा वाटा घेतात. तीन किलोंच्या उपग्रहात ते कमी, टनभराच्या उपग्रहात बरेच, आणि चारशे टनांच्या अवकाश स्थानकावर इतके की तिथल्या मोजणीला पृथ्वीची म्हणणेच धाडसाचे.

शिसे लावून शोधकाचे संरक्षण करावे, असे पुष्कळांच्या मनात येते. ते करू नये. केंद्रक जितके जड, तितके एका प्रोटॉनच्या धडकेतून अधिक न्यूट्रॉन सुटतात. जमिनीवरच्या न्यूट्रॉन मॉनिटरांत नळ्यांभोवती शिशाची कडी मुद्दाम बसवतात, ती न्यूट्रॉन अडवण्यासाठी नव्हे तर वाढवण्यासाठी. तोच पदार्थ उपग्रहावर ‘कवच’ म्हणून लावला की स्थानिक न्यूट्रॉन वाढतात. टंगस्टनचेही तेच.

विद्युतभारित कणांसाठी भोवती प्लास्टिक सिंटिलेटरची जागती भिंत लावतात: तिच्यात आणि नळीत एकाच वेळी स्पंद आला तर तो सोडून द्यायचा. ही भिंत हवीच. दहा वातावरण दाबाच्या, पाच सेंटीमीटर जाडीच्या हेलियम-३ नळीतून वेगवान प्रोटॉन जाताना जेमतेम १५-२० केईव्ही सोडतो, तो शिखराच्या बऱ्याच खाली राहतो. पण कार्बनचे केंद्रक विद्युतभाराच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे छत्तीसपट सोडते. ते सहाशे केईव्हीच्या आसपास, थेट न्यूट्रॉनच्या पट्ट्यात पडते. भिंतीतही एक मेख आहे: ती हायड्रोजनने भरलेली असते, म्हणून स्वतःच न्यूट्रॉन मंद करते. तिच्यासह नळीचा प्रतिसाद मोजला नाही, तर कॅडमियमची वजाबाकी चुकते.

पण भिंत फक्त भारित कण ओळखते. शेजारच्या पेटीत जन्मलेला न्यूट्रॉन आणि ५०० किलोमीटरवरून आलेला न्यूट्रॉन तिच्या लेखी सारखेच. इथे पुष्कळ जण अक्षांशाचा आधार घेतात: विषुववृत्तावर मोजणी कमी, ध्रुवांकडे जास्त, म्हणजे पृथ्वीचेच न्यूट्रॉन. हा पुरावा लंगडा आहे. भूचुंबकीय क्षेत्र विषुववृत्ताजवळ सुमारे १५ ते १७ गिगाव्होल्टपेक्षा कमी दृढतेचे (दृढता म्हणजे चुंबकीय क्षेत्राने न वळण्याची क्षमता) वैश्विक किरण अडवते, ध्रुवांजवळ जवळजवळ काहीच अडवत नाही. त्यामुळे वातावरणातले न्यूट्रॉन ध्रुवांकडे वाढतात, आणि उपग्रहातलेही वाढतात. दोन्हींचे मूळ एकच, म्हणून चढउतारही सारखाच. सौरचक्राचेही तसेच: सूर्य सक्रिय असताना दोन्ही घटतात.

मग वेगळे कसे करायचे? सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे उपग्रह फिरवणे. शोधकाची एक बाजू शोषकाने झाकून तो आलटून पालटून खाली आणि वर रोखायचा. स्थानिक न्यूट्रॉन उपग्रहासोबतच फिरतात, पृथ्वीचे फिरत नाहीत. फिरवताना उपग्रहाचे जड भाग शोधक आणि पृथ्वी यांच्यामध्ये येतात का, हे आधी तपासावे. बॅटरीतल्या लिथियममध्ये साडेसात टक्क्यांच्या आसपास लिथियम-६ असते आणि ते मंद न्यूट्रॉन आनंदाने गिळते. बॅटरीची सावली शोधकावर पडली तर वर-खालीतला फरक खोटा निघतो.

दुसरा मार्ग मंद न्यूट्रॉनपुरता, पण सुंदर आहे. उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने धावतो. त्याच वेगाच्या न्यूट्रॉनची ऊर्जा ०.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. म्हणजे त्याहून मंद न्यूट्रॉनना उपग्रह मागे टाकतो: पुढच्या तोंडाच्या शोधकावर ते पावसात धावणाऱ्याच्या छातीवर थेंब यावेत तसे येतात, मागच्यावर येतच नाहीत. सारख्या दोन शोधकांतला हा फरक उपग्रहाच्या स्वतःच्या न्यूट्रॉनमुळे पडत नाही, कारण ते उपग्रहाच्याच वेगाने निघालेले असतात. मंगळ आणि बुधाभोवती फिरणाऱ्या यानांनी या तत्त्वाचा चांगला उपयोग करून घेतला आहे.

उंची बदलणे हा तिसरा मार्ग, आणि तो कागदावर दिसतो तितका सोपा नाही. ५०० वरून १००० किलोमीटरवर गेले तर पृथ्वीने व्यापलेले आकाश ३१ वरून फक्त २५ टक्क्यांवर येते; तेवढ्यात पट्ट्यातले प्रोटॉन मात्र कितीतरी वाढतात. खूप दूर, पट्ट्यांपलीकडे जाणाऱ्या यानाला याचा खरा लाभ होतो: पृथ्वी जवळजवळ दिसेनाशी झाली की उरते ती निव्वळ यानाची मोजणी. अंतरानुसार घटणाऱ्या याच मोजणीतून न्यूट्रॉनचे आयुष्यही काढता येते, कारण मंद न्यूट्रॉन वाटेत संपतात. मेसेंजर यानाच्या शुक्र आणि बुधाजवळच्या नोंदींतून ७८० सेकंद निघाले, पण त्रुटी मोठी होती. लुनार प्रॉस्पेक्टरच्या जुन्या नोंदींतून २०२१ मध्ये ८८७ सेकंद, अधिक-उणे १४. प्रयोगशाळेतल्या दोन पद्धतींत सुमारे नऊ सेकंदांचा जो न सुटलेला फरक आहे, तो मिटवण्याइतके हे आकडे काटेकोर नाहीत. पण मार्ग खुला आहे.

संगणकावरचे अनुकरण चौथे. जिआंट-४ (Geant4) सारख्या प्रणालीत उपग्रहाचा प्रत्येक भाग वस्तुमान आणि पदार्थासह घालून स्थानिक न्यूट्रॉन काढतात. ते करावेच, पण मोजलेल्या पार्श्वभूमीचा ताळा म्हणून. तिच्या जागी नव्हे. हायड्राझिनची टाकी असेल तर भरलेली आणि रिकामी अशी दोन्ही गणिते करावीत. त्या इंधनात हायड्रोजन भरपूर असतो, आणि ते संपत जाईल तशी पार्श्वभूमीही बदलते.

वजाबाकीची किंमत किती, ते एका हिशेबाने सांगतो. एकूण दहा हजार मोजण्या, त्यांतल्या नऊ हजार स्थानिक, आणि त्या तेवढ्याच वेळात वेगळ्या मोजलेल्या. उरले एक हजार. पण त्रुटी एकोणीस हजारांच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे १३८. एकूण आकडा एका टक्क्याने अचूक आणि उत्तर चौदा टक्क्यांनी अनिश्चित. ती तीन टक्क्यांवर आणायला वीसपटीहून अधिक वेळ हवा. शिवाय विषुववृत्ताजवळ मोजणी आधीच कमी असते. ‘आणखी संवेदनशील नळी’ घेऊन वेळ वाचला तरी मूळ प्रश्न सुटत नाही, कारण ती दोन्ही मोजण्या सारख्याच वाढवते. सुटते ते स्थानिक न्यूट्रॉन कमी केल्याने: शोधक दांड्यावर बाहेर काढून, जड भाग दूर ठेवून.

बाकी कामे थोडक्यात. दक्षिण अटलांटिकवरच्या चुंबकीय दुबळ्या प्रदेशातली, म्हणजे जिथे आतला पट्टा खाली उतरतो तिथली, मोजणी टाकून द्यावी, आणि बाहेर पडल्यावरही काही मिनिटे थांबावे. तिथल्या प्रोटॉननी सोडवलेल्या न्यूट्रॉनमुळे ॲल्युमिनियममध्ये जन्मलेल्या ॲल्युमिनियम-२८ चे अर्धायुष्य सव्वादोन मिनिटांचे आहे, आयोडीन असलेल्या स्फटिकातल्या आयोडीन-१२८ चे पंचवीस मिनिटांचे. नळीचा हजार-दोन हजार व्होल्टचा पुरवठा कक्षेत पोहोचल्याबरोबर लावू नये. वायरी आणि गोंदातून हवा झिरपत असताना पेटीतला दाब शंभर पास्कलच्या आसपास असतो आणि तिथेच ठिणगी सर्वांत सहज पडते. काही दिवस जाऊ द्यावेत, मग व्होल्टेज पायरीपायरीने चढवावे. जमिनीवरचे कॅलिब्रेशन सुट्या नळीचे करून भागत नाही. पूर्ण जोडलेल्या उपग्रहासमोर कॅलिफोर्नियम-२५२ किंवा अमेरिशियम-बेरिलियमचा स्रोत ठेवून, निरनिराळ्या कोनांतून करावे. खोलीच्या भिंतींवरून परतणारे न्यूट्रॉन वेगळे काढण्यासाठी स्रोत आणि उपग्रह यांच्यामध्ये लोखंड-पॉलिथिलीनचा छाया-शंकू ठेवून तेच मापन पुन्हा घ्यावे.

आपल्या पुरवणीला एक विनंती. निसटणाऱ्या न्यूट्रॉनचा आकडा छापताना त्यासोबत ऊर्जेचा पल्ला, उंची, अक्षांश किंवा भूचुंबकीय दृढता, सौरचक्रातला काळ आणि स्थानिक न्यूट्रॉन कसे वजा केले, एवढे असल्याशिवाय तो छापू नये. जून १९६९ मध्ये गेलेल्या ओजीओ-६ उपग्रहाचे न्यूट्रॉन मापन इतक्या वर्षांनंतरही अभ्यासक उद्धृत करतात, कारण त्यासोबत हा तपशील होता. तो नसलेले दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करणे म्हणजे एकाने किलोत आणि दुसऱ्याने लिटरमध्ये केलेली मोजणी जोडणे.

आणि ज्या विद्यार्थ्यांच्या उपग्रहात एकाच नळीपुरती जागा आहे, त्यांच्यासाठी: ‘पृथ्वीचे न्यूट्रॉन मोजू’ असे उद्दिष्ट लिहू नका. त्या नळीला कॅडमियम गुंडाळा, स्पंदांचा आलेख पूर्ण पाठवा, प्रत्येक नोंदीसोबत उपग्रहाचे तोंड कुठे होते ते साठवा, आणि उपग्रहाच्या वस्तुमानाचा तक्ता भागवार प्रसिद्ध करा. इतक्या लहान वस्तुमानाच्या उपग्रहात, निरनिराळ्या भूचुंबकीय दृढतेला स्थानिक न्यूट्रॉन किती होतात, हा आकडा पुढच्या प्रत्येक मोहिमेला वजाबाकीसाठी लागणार आहे. त्याच्या हिशेबाला लागणाऱ्या नोंदी एका नळीनेही मिळू शकतात.

आपले,
न्यूट्रॉन मापनाचे अभ्यासक वाचक